फार्मास्युटिक्स की फार्माकॉलॉजी? एका पित्ताच्या गोळीवरून

पुण्यात फार्मसी शिकायला आलेली परदेशी मुलं, मग ती नेपाळची असोत की केनियाची, दोन विषयांच्या नावांत हमखास गोंधळतात. आपली लातूर-सोलापूरकडची मुलंही गोंधळतात. ती फक्त विचारत नाहीत.

औषधाला गोळी, सिरप, मलम असं रूप देण्याचं शास्त्र म्हणजे फार्मास्युटिक्स आणि औषध शरीरात काय करतं ते सांगणारं फार्माकॉलॉजी. एवढं पाठ केलं की पेपर निघतो. फरक समजायला मात्र गोळीच हातात घ्यावी. मिसळीच्या या शहरात पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. ती देताना दोन सूचना मिळतात: तोडू-चावू नका आणि जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. पहिली सूचना फार्मास्युटिक्सची, दुसरी फार्माकॉलॉजीची.

गंमत अशी, की आम्ल कमी करणारं हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही. म्हणून गोळीवर एन्टरिक कोटिंग चढवतात. हा थर जठरातल्या आम्लात विरघळत नाही, पुढे लहान आतड्यात पीएच साधारण 5.5 च्या वर गेला की विरघळतो. प्रयोगशाळेत त्याची परीक्षा बघण्यासारखी असते. सहा नळ्यांच्या जाळीत सहा गोळ्या ठेवतात आणि जाळी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास वर-खाली होत राहते. एकाही गोळीला तडा जाता कामा नये. मग 6.8 पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावणात, त्याच गोळ्या फुटल्याच पाहिजेत. गोळी तोडून घेतली, की ही सगळी मेहनत वाया.

आतड्यातून औषध रक्तात गेलं, की फार्माकॉलॉजी सुरू. ते रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत पोहोचतं आणि आम्ल बाहेर टाकणाऱ्या प्रोटॉन पंपाला कायमचं चिकटतं. हे पंप जेवणाने जागे होतात, म्हणून औषध आधीच हजर हवं. रक्तातलं त्याचं प्रमाण तासाभरात निम्म्यावर येतं, तरी परिणाम दिवसभर राहतो. कारण पेशीला नवे पंप तयार करावे लागतात.

फार्मास्युटिक्स म्हणजे ‘गोळ्या दाबायचा विषय’ असं काही मुलं नाक मुरडून म्हणतात. मला ते पटत नाही. पिंपरीची एचए (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) कंपनी 1954 साली उभी राहिली ती पेनिसिलीनसाठी. पेनिसिलीन जी हेही आम्लात टिकत नाही, म्हणून ते इंजेक्शनने देतात. जंतू मारण्याची ताकद कितीही असो, औषध तिथवर पोहोचायला तर हवं!

बी.फार्मच्या अभ्यासक्रमात फार्मास्युटिक्स पहिल्या सेमिस्टरलाच भेटतं, फार्माकॉलॉजी चौथ्याला. तिथले प्राण्यांवरचे प्रयोग आता बहुतेक सॉफ्टवेअरवर दाखवतात. गोळीतलं औषध रक्तात किती आणि किती वेगाने उतरलं, हा प्रश्न दोघांच्याही हद्दीत येतो. त्यासाठी सहाव्या सेमिस्टरला बायोफार्मास्युटिक्स आणि फार्माकोकायनेटिक्स हा वेगळा पेपरच आहे, आणि त्यात गणितं भरपूर असतात.