दिवाळीची पार्सलं आणि सोयाबीनची पोती

दिवाळीआधीच्या पंधरवड्यात लातूरच्या औसा रोडवर एखाद्या कुरिअरच्या गाळ्यासमोर सकाळी सातला उभं राहून पाहावं. आत पाय ठेवायला जागा नसते. पोरं बाहेर ताडपत्री अंथरून गोण्या सोडतात, स्केचपेननं 'अंबाजोगाई रोड', 'एमआयडीसी' लिहून ढीग लावतात. परतीचा पाऊस आलाच तर आधी पार्सलं झाकतात, मग स्वतःला. ते पाहवत नाही. संक्रांतीला तोच गाळा निम्मा मोकळा असतो. भाडं मात्र बारमाही तेवढंच.

जागेची ही ओढाताण लातूरला नवी नाही. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे इथवर आली, १९१७ मध्ये गंजगोलाई ही गोल बाजारपेठ उभी राहिली आणि तिच्या सोळा रस्त्यांवरून माल येऊ लागला. सुगीत वखारी तुडुंब, सुगी सरली की रिकाम्या. १९५७ मध्ये राज्य वखार महामंडळ आलं आणि पोत्यांच्या व मुदतीच्या हिशेबानं भाडं भरून माल ठेवायची सोय झाली. लागेल तेवढीच जागा, लागतील तेवढेच दिवस. पार्सलवाल्यांना आज हेच हवंय.

पार्सलांचा पसारा वाढला तो बराच नंतर. २०१० मध्ये फ्लिपकार्टनं माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सोय केली आणि कार्ड नसलेलं गिऱ्हाईकही मागवू लागलं. त्याबरोबर 'घरी कुणी नाही', 'नको आता' म्हणून संध्याकाळी परत येणारा मालही वाढला. त्यालाही रात्रभर जागा लागते. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्याआधी आंतरराज्य विक्रीवरचा कर टाळायला कंपन्या राज्याराज्यांत गोदामं ठेवत. ती गरज संपली, मोजक्या ठिकाणी मोठी गोदामं झाली. शहरातल्या शेवटच्या टप्प्याचा, म्हणजे माल गिऱ्हाइकाच्या दारी पोचवायचा, विचार मात्र गाळ्यापाशीच अडला.

मग बाजारातलीच वखार महिनाभर घ्यावी? नेमकी तेव्हा ती सोयाबीननं भरलेली असते. शिवाय पोत्यांची थप्पी छतापर्यंत जाते; पार्सलांना निवडायला मोकळी फरशी लागते.

त्या दिवसांत मोकळी फरशी असते ती मंगल कार्यालयांत. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. टेम्पो आत घ्यायला फाटक, वर छप्पर, वीज-पाणी, सगळं तयार. मालकाशी तेवढ्याच दिवसांचा करार आणि आग विझवायची सोय केली की सकाळचं काम तिथे नेता येईल. तुळशीचं लग्न लागल्यावर हॉल वऱ्हाडाला हवा. तोवर दिवाळीची गर्दीही ओसरलेली असते.