रेशनमुळे मजूर मिळेनात?

‘फुकट रेशनमुळे माणसं आळशी झाली, म्हणून मजूर मिळत नाहीत,’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य (गरजू कुटुंबांच्या) रेशनकार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. पाच जणांच्या घराला 25 किलो. तेल, दवाखाना, पोरांची शाळा मजुरीतूनच भागवावी लागते.

खरी अडचण वेळेची आहे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी बहुतेक बागांत एकाच सुमारास येते. डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावायलाही तेव्हाच माणसं लागतात. त्याच दिवसांत तिथं मजुरीला येणारी पेठ-सुरगाण्याकडची माणसं स्वतःच्या भातकापणीत असतात. यात आळस कुठे आला?

रेशन बाराही महिने तेवढंच असतं; त्यामुळे मजूर मिळत नसते, तर टंचाईही बाराही महिने सारखीच असती. पडताळायचं तर ऑक्टोबरात आणि भर पावसाळ्यात, दोन्ही वेळा जवळच्या मजूर नाक्यावर सकाळीच जाऊन दिवसाच्या मजुरीचा दर विचारा.