झाडांची उंची डोंगराच्या खात्यात

उपग्रहावरून बनवलेल्या उंचीच्या मॉडेलसोबत अचूकतेचा एक आकडा येतो. एसआरटीएम या अवकाशयानातल्या रडारने बनवलेल्या मॉडेलसाठी ठरवलेली मर्यादा होती: ९० टक्के ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत. पण ही कसोटी जगभरची आहे आणि तिच्यात वाळवंटं, गवताळ मैदानं सगळं आलं. दाट जंगलाच्या डोंगरावर या आकड्याचा फारसा उपयोग नाही. तिथे चूक जास्त असते, एवढंच नव्हे, तर ती एकाच बाजूला झुकलेली असते.

एसआरटीएमचं रडार फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून ११ दिवस चाललं. त्याच्या ५.६ सेंटिमीटरच्या लहरी पानांच्या छतात थोड्या शिरतात आणि जमीन व शेंडा यांच्या मधल्या कुठल्यातरी पातळीची उंची देतात. कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचं ३० मीटर मॉडेल टॅनडेम-एक्स या रडार उपग्रहांच्या ३.१ सेंटिमीटर लहरींवर आधारलेलं आहे. त्या आणखी वरूनच परततात. ॲस्टर आणि अलोस यांची मॉडेल्स अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्यांवरून बनतात, म्हणून दाट रानात त्यांना फक्त शेंडे दिसतात. थोडक्यात, झाडांमुळे येणारी चूक जवळजवळ नेहमी अधिक चिन्हाचीच असते, म्हणजे जमीन आहे त्यापेक्षा उंच दिसते. कितीही बिंदू घेतले तरी सरासरीत ती विरत नाही.

तपासणीची सुरुवात मात्र झाडांपासून करू नये. आधी उंची कशापासून मोजली आहे ते पाहावं. एसआरटीएम ईजीएम९६ या भूआभावर (सरासरी समुद्रपातळीला धरून कल्पिलेल्या पृष्ठभागावर) आहे, कोपर्निकस ईजीएम२००८ वर, तर आइससॅट-२ आणि जेडी या अवकाशातल्या लेसर मापकांच्या उंच्या लंबगोलापासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून) मोजलेल्या असतात. भूआभ आणि लंबगोल यांतलं अंतर जगात सुमारे उणे १०६ ते अधिक ८५ मीटर इतकं बदलतं. सगळीकडे सारखाच, दहा-वीस मीटर किंवा त्याहून मोठा फरक दिसला तर बहुधा हे रूपांतरच राहिलेलं असतं.

मग आडवा सरक. मॉडेल १० मीटर बाजूला सरकलं असेल, तर ३० अंशांच्या उतारावर उंचीत ५.८ मीटरपर्यंत चूक येते, ४५ अंशांवर पूर्ण १० मीटर. ओळखायची खूण सोपी आहे. मॉडेलमधून संदर्भ उंची, म्हणजे खात्रीच्या मोजणीची उंची, वजा करा. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर फरक अधिक आणि दक्षिणेकडच्या उतारांवर उणे आला, तर मॉडेल उत्तरेला सरकलं आहे. फरकाला उताराच्या टॅन्जंटने भागून तो उताराच्या दिशेसमोर मांडला की कोसाइनची लाट दिसते. तिच्यावरून सरक किती आणि कुठे ते निघतं. हे गणित उघड्या जमिनीवरच करावं. रान बहुतेकदा एका बाजूच्या उतारांवर जास्त दाट असतं, आणि मग झाडांची चूक हुबेहूब सरकल्यासारखी दिसते.

खरी अडचण संदर्भ बिंदूंची. जीएनएसएस (जीपीएससारखा, उपग्रहांवरून स्थान काढणारा) रिसीव्हर घेऊन माणसं रस्त्याकडेला, मोकळ्या माळावर मोजतात आणि निष्कर्ष जंगलाला लावतात. झाडाखाली संदेश खोडांवरून परावर्तित होऊन येतो, तुटतो, आणि सेंटिमीटरची अचूकता मीटरांवर जाते. त्यापेक्षा मोकळ्या जागी दोन पक्के बिंदू घेऊन टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने) आत शिरणं बरं. वेळ लागतो, पण आकडा भरवशाचा असतो.

अवकाशातले लेसरही डोळे झाकून वापरू नयेत. जेडीचा ठिपका सुमारे २५ मीटर व्यासाचा. ३० अंशांच्या उतारावर एका ठिपक्यातच जमीन १४ मीटर चढते, आणि वरच्या कडेची जमीन खालच्या कडेच्या शेंड्यांत मिसळते. आइससॅट-२ चा ठिपका लहान आहे, पण त्याच्या जंगलांसाठीच्या माहितीत उंच्या १०० मीटरच्या तुकड्यांत दिल्या जातात. तिथे तुकड्याची सरासरी नको, मध्यबिंदूला बसवलेली उंची घ्यावी. रात्रीची मोजणी आणि त्याच्या किरणांपैकी जोरकस किरण निवडावेत, कारण दिवसा सूर्यप्रकाशाचे फोटॉन गोंधळ घालतात.

तुलना करताना जवळच्या पिक्सेलची उंची उचलू नये. ४० अंशांच्या उतारावर ३० मीटरच्या एका पिक्सेलमध्ये २५ मीटरची चढण असते. चार शेजारी पिक्सेलांतून अंतर्वेशन करावं, म्हणजे त्यांच्या उंच्यांवरून मधली उंची काढावी. कडे आणि अरुंद दऱ्यांत रडारला दिसलंच नाही, तिथे दुसऱ्या मॉडेलची ठिगळं असतात. अशा जागा दाखवणाऱ्या सोबतच्या मास्क फाइलवरून ती वेगळी काढावीत. उरलेले बिंदू उतार आणि झाडोरा यांनुसार गटांत वाटून प्रत्येक गटाचा मध्यक आणि एनएमएडी द्यावा. एनएमएडी म्हणजे मध्यकापासूनच्या निरपेक्ष फरकांचा मध्यक गुणिले १.४८२६. मोजक्या बेफाम चुका आरएमएसई (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) फुगवतात, एनएमएडीला त्या फारशा हलवत नाहीत.

झाडांची उंची सरळ वजा करून जमीन मिळेल ही आशा रडारच्या बाबतीत फोल आहे, कारण लहर शेंड्यावरून परतलेलीच नसते. शिवाय २००० सालचं जंगल आज कापलेलं किंवा वाढलेलं असू शकतं. कोपर्निकसवरून यंत्रशिक्षणाने झाडं आणि इमारती काढलेलं फॅबडेम हा बरा पर्याय, पण तेही याच कसोट्यांवर घासून घ्यावं. पुराच्या कामासाठी तर ओढ्यांचे लांबछेद (पात्राच्या लांबीभर उंचीचे आलेख) काढून पाहावेत: पात्रावर वाकलेल्या झाडांमुळे मॉडेलमध्ये खोटे बांध उभे राहतात, पाणी तिथे अडलेलं दाखवलं जातं, आणि एकूण अचूकतेच्या आकड्यात त्याचा मागमूसही नसतो.