माउंट चिकटवला की लगेच राईडला निघू नका

आमच्या दुकानातून हेल्मेटवर लावायचा ॲक्शन कॅमेरा घेऊन गेलेले बरेच जण चार दिवसांत परत येतात, हेल्मेटवरून निघालेला माउंट (कॅमेरा अडकवायची, टेपने चिकटवायची बैठक) टेबलावर ठेवतात आणि म्हणतात तुमची टेपच बोगस आहे. टेप चांगली असते. बहुतेक वेळा झालेलं असं असतं की सकाळी निघायच्या घाईत माउंट चिकटवला, अंगठ्याने जरा दाबला, लगेच कॅमेरा अडकवला आणि थेट हायवेला लागले.

माउंटखालची टेप म्हणजे ॲक्रिलिक फोमची व्हीएचबी (व्हेरी हाय बाँड, म्हणजे खूप घट्ट धरणारी) टेप. तिचा गोंद सुकून पकडत नाही, तो हळूहळू पसरत पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये जाऊन बसतो आणि त्याला वेळ लागतोच. खोलीच्या साधारण तापमानाला 20 मिनिटांत निम्मी पकड येते, 24 तासांत 90 टक्के, आणि पूर्ण पकड यायला 72 तास. म्हणूनच आम्ही माउंट लावून दिला की त्याच दिवशी कॅमेरा अडकवून देत नाही. काहीजण यावरून चिडतात, पण रस्त्यावर पडून मागच्या गाडीखाली गेलेला कॅमेरा कुठल्याच वॉरंटीत बसत नाही, त्यापेक्षा एक दिवस थांबलेलं बरं.

दुसरं म्हणजे पॉलिश. हेल्मेट चमकावं म्हणून सिलिकॉनवालं काही मारलं असेल तर त्यावर कुठलीच टेप टिकत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि टेपचा कागद काढल्यावर गोंदाला बोट लावू नका. पेट्रोल किंवा थिनर तर अजिबात नको, पॉलीकार्बोनेटचं कवच त्याने कमकुवत होतं आणि वरून बघून ते कळतही नाही. गारठा असेल तर आधी हेअर ड्रायरने ती जागा कोमट करून घ्या.

चिकटवायच्या आधी माउंट नुसता धरून उजेडात बघा. आम्ही माउंट हेल्मेटच्या हनुवटीवर, म्हणजे तोंडासमोरच्या भागावर लावतो. तिथे मधोमध बहुतेक हेल्मेटना उंचवटा किंवा हवेची जाळी असते, तिथे सपाट माउंट ठेवला की कडेखालून उजेडाची रेघ दिसते, म्हणजे टेप तेवढ्या भागात टेकलेलीच नाही. अशा हेल्मेटला त्याच्या आकाराचा वळणदार माउंट लागतो, आमच्याकडे बऱ्याच मॉडेलचे आहेत, हेल्मेट घेऊन या, लावून बघू. वायझर (हेल्मेटची समोरची काच) पूर्ण उघडतोय का तेही तेव्हाच बघायचं. आणि कॅमेऱ्याचा कोन उभं राहून ठरवू नका, बाईकवर रोजच्यासारखं बसून ठरवा, नाहीतर घरी येऊन बघता तर सगळ्या व्हिडिओत नुसती टाकी आणि मीटर.

हनुवटीच का, असं सगळे विचारतात. डोक्यावर लावला तर वारा कॅमेऱ्याला धरून मान मागे ओढतो, बाजूला लावला तर एकीकडे वजन. हॅन्डलबारवर क्लॅम्प लावायला सोपा, पण इंजिनची थरथर थेट लेन्सपर्यंत जाते, सिंगल सिलिंडरला तर फारच, आणि चित्र जेलीसारखं लहरतं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (चित्र स्थिर ठेवणारी सोय) खड्ड्यांचे धक्के सावरतं, ही बारीक थरथर त्याला नीट जमत नाही, अंधार पडल्यावर तर आणखी कमी. फोन हॅन्डलवर लावणाऱ्यांना तर आम्ही आवर्जून सांगतो, जोरदार इंजिनच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा ॲपलनेच 2021 मध्ये दिलेला आहे. लावायचाच असेल तर थरथर शोषून घेणारा व्हायब्रेशन डॅम्पर घ्या.

हेल्मेटला भोक पाडून स्क्रू लावून द्या अशी मागणी आली तर आमचं उत्तर नाही हेच आहे. आदळलं तर माउंट निघून जायला हवा, डोकं त्यात अडकता कामा नये. काही ठिकाणी हेल्मेटवर कॅमेरा लावायलाच बंदी आहे, तुमच्याकडचा नियम आधी बघून घ्या.

कॅमेरा निवडताना सगळे आधी 4के विचारतात, आम्ही आधी विचारतो की बाहेरचा माइक लागतो का आणि चालू राईडमध्ये चार्जिंग करता येतं का. माइक हेल्मेटच्या आत गेला नाही तर नुसता वारा ऐकू येतो. चार्जिंगसाठी झाकण उघडं ठेवलं की बहुतेक कॅमेऱ्यांचं वॉटरप्रूफिंग गेलं, पावसाळी राईड असेल तर ते डोक्यात ठेवा. मेमरी कार्ड व्ही30 च घ्या, म्हणजे सेकंदाला निदान 30 एमबी लिहू शकणारं. 100 एमबीपीएसला (सेकंदाला 100 मेगाबिट) रेकॉर्ड केलं तर तासाला 45 जीबी जातात, म्हणजे 128 जीबीचं कार्ड तीन तासही पुरत नाही. फक्त अपघाताचा पुरावा हवा असेल तर ॲक्शन कॅमेऱ्याच्या भानगडीत पडू नका, पुढे-मागे लावायचा बाईकचा डॅशकॅम घ्या, तो इग्निशनबरोबर आपोआप चालू होतो आणि जुन्यावर नवीन रेकॉर्ड करत राहतो.

माउंट आमच्याकडून लावून घ्यायचा असेल तर राईडच्या निदान दोन दिवस आधी या, हेल्मेट पॉलिश न मारता आणा. सोबत सेफ्टी दोरी घेऊन जा, माउंट सुटलाच तर कॅमेरा हेल्मेटला लटकून राहील. जुनी टेप बदलायची असेल तर नवे पॅड वेगळे मिळतात, त्यासाठी अख्खा माउंट घ्यायची गरज नाही.