नादारीचा अर्ज आणि त्यामागचे जुने कायदे

कर्ज फेडणे अशक्य झालेला माणूस वकिलाकडे जातो तेव्हा त्याला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: तुरुंगात जावे लागेल का, राहते घर जाईल का आणि नादार, म्हणजे न्यायालयाने दिवाळखोर जाहीर केलेला, ठरल्यावर कर्ज संपेल का. महाराष्ट्रात याची उत्तरे आजही मुख्यतः इंग्रजी अमदानीतील दोन कायद्यांत शोधावी लागतात. मुंबई शहराला १९०९ चा नादारी कायदा लागू आहे आणि त्याखालील अर्ज उच्च न्यायालयात चालतात. उर्वरित राज्यात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा जिल्हा न्यायालयांमार्फत राबवला जातो.

ही विभागणी व्यापारी शहर आणि मुलूख यांना वेगळे धरण्याच्या जुन्या रीतीतून आली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील कर्जदारांसाठी १८२८ मध्येच स्वतंत्र तरतूद झाली आणि १८४८ च्या कायद्याने ती पुढे चालू ठेवली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी १८६५ मध्ये ओसरली आणि शेअरांच्या सट्ट्यात गुंतलेल्या मुंबईच्या अनेक व्यापाऱ्यांचे दिवाळे निघाले, तेव्हा निदान त्यांच्यासाठी असा कायदा अस्तित्वात होता.

गावाकडच्या कर्जदाराला मात्र हे संरक्षण फार उशिरा मिळाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. दंग्यांचा मुख्य रोख कर्जरोखे आणि हुकूमनामे (न्यायालयाने दिलेले वसुलीचे निकाल) हस्तगत करून जाळण्यावर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैद करण्यास मनाई केली आणि त्याला नादारीसाठी अर्ज करण्याची वाटही दिली. माझ्या मते महाराष्ट्रातील या विषयाचे खरे मूळ येथे आहे, कारण फेडीची ऐपत नसलेल्या माणसाला कोंडून ठेवण्यात न्याय नाही हे तत्त्व येथे कायद्यात उतरले. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात तेच तत्त्व सर्वांसाठी स्पष्ट केले: केवळ गरिबीमुळे कर्ज थकले असेल, त्यात लबाडी नसेल, तर कैद करता येत नाही.

घराबाबतचे उत्तर कठोर आहे. नादार ठरताच मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. घर गहाण असेल तर त्या धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा, हक्क नादारीने बाधित होत नाही. १९०९ च्या मूळ कायद्यात कर्जदाराला धंद्याची अवजारे, कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी असे मिळून जास्तीत जास्त तीनशे रुपयांचे सामान राखता येत असे. प्रांतिक कायद्यात दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार जप्तीतून वगळलेली मालमत्ता वाचते, म्हणून शेतकऱ्याचे किंवा मजुराचे स्वतःच्या वापरातील घर सामान्यतः सुरक्षित राहते.

नादार ठरणे आणि कर्जातून मुक्त होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. मुक्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, न्यायालय कर्जदाराचे वर्तन तपासते, आणि फसवणुकीतून उद्भवलेले कर्ज मुक्तीनंतरही उरते. मुक्ती मिळेपर्यंत आमदार किंवा खासदार होता येत नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेने हे दोन्ही कायदे रद्द करण्याची तरतूद केली, परंतु व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. वार्षिक उत्पन्न साठ हजार रुपयांपेक्षा जास्त नसलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या आणि पस्तीस हजारांपर्यंत कर्ज असलेल्या गरिबासाठी संहितेत आखलेली कर्जमुक्तीची सोपी प्रक्रिया अद्याप अंमलात आलेली नाही.