चिप बदलली की प्रोग्राम का अडखळतो?

सी भाषा शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण हा प्रोग्राम लिहितो: फाइलमधून एकेक अक्षर वाचायचं, पडद्यावर दाखवायचं, फाइल संपली की थांबायचं. माझ्याकडे असाच एक जुना प्रोग्राम होता, इंटेलच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला. एकदा एआरएम प्रोसेसर असलेल्या छोट्या बोर्डावर तो नव्याने कंपाइल केला, म्हणजे त्या चिपला कळणाऱ्या सूचनांत उतरवला. एकही एरर आली नाही. चालवला तर फाइल नीट छापली गेली, पण नंतर तो थांबेचना. पडद्यावर कसलीतरी निरर्थक चिन्हं वाहत राहिली.

पहिला संशय बोर्डावर गेला. दोष मात्र माझ्याच एका ओळीत होता. फाइल संपल्याची खूण म्हणून सी भाषा ‘उणे १’ ही संख्या देते, आणि मी ती एका बाइटच्या, म्हणजे कॅरॅक्टर प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये भरत होतो. उणे १ एका बाइटमध्ये ठेवला की आठही बिट १ होतात. एक्स८६ वर, म्हणजे इंटेलच्या घराण्यातल्या चिपवर, हा बाइट ऋण संख्याही धरू शकतो असं मानतात, म्हणून तो उणे १ असाच वाचला जातो. एआरएमवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मात्र तोच बाइट ० ते २५५ एवढंच धरतो, म्हणून तिथे तो २५५ होतो. २५५ आणि उणे १ कधीच जुळणार नाहीत, मग वाचनाचा हा फेरा, म्हणजे लूप, थांबणार कसा?

सी भाषेच्या नियमांत हे दोन्ही अर्थ बसतात. एआरएमने दुसरा अर्थ घेतला त्याला कारण होतं. सुरुवातीच्या एआरएम चिपना मेमरीतला बाइट उचलून वरच्या जागा शून्यांनी भरता यायच्या. चिन्हासकट बाइट उचलणारी सूचना पुढच्या आवृत्तीत आली. तोपर्यंत ऋण बाइट वाचायचा तर दरवेळी जास्तीच्या पायऱ्या पडायच्या. त्या वेळची ती काटकसर आजही आपल्या कोडमध्ये डोकावते. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, मंडळींनी २०२३ मध्ये, ६.२ या आवृत्तीपासून, आपल्यापुरता हा प्रश्न निकालात काढला: चिप कोणतीही असो, कर्नलमध्ये हा बाइट ० ते २५५ असाच धरायचा.

एका प्रकारच्या प्रोसेसरसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरवर नेणं म्हणजे पोर्टिंग. या कामातल्या कितीतरी चुका अशाच निघतात. नवी चिप त्या आणत नाही. जुन्या चिपने सांभाळून घेतलेल्या चुका ती उघड्या पाडते.

बाइटच्या क्रमाचंच पाहा. आपण २५ लिहितो तेव्हा आधी दोन येतो, मग पाच. तोंडाने मात्र ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता. चिपमध्येही हाच भेद असतो. अनेक बाइटची संख्या मेमरीत ठेवताना इंटेलची चिप एककाच्या बाजूने सुरुवात करते, तर आयबीएमची मेनफ्रेम मोठ्या बाजूने. पहिल्या पद्धतीला लिटल एंडियन म्हणतात, दुसरीला बिग एंडियन. आपापल्या घरी दोन्ही बरोबरच. पण एकीने फाइलमध्ये चार बाइटांत लिहिलेला १ दुसरीने आपल्या रीतीने वाचला की त्याचे १,६७,७७,२१६ होतात! १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये यूनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पीडीपी-११ या संगणकावरून इंटरडेटा ८/३२ या संगणकावर नेली गेली, तेव्हाच्या पिढीने हे भरपूर सोसलं. दोन-दोन अक्षरं उलटली की ‘यूएनआयएक्स’चं ‘एनयूएक्सआय’ होतं, म्हणून या दुखण्याला ‘नक्सी’ हेच नाव पडलं.

माझ्या मते सगळ्यात अवघड दुखणं मात्र मेमरीच्या क्रमाचं. दूधवाला आधी पिशवी दाराला अडकवतो, मग बेल वाजवतो. बेल ऐकून दार उघडलं की पिशवी असणार, हे आपण गृहीत धरतो. प्रोग्राममध्येही एक कोअर, म्हणजे चिपमधला एक स्वतंत्र प्रोसेसर, आधी माहिती लिहितो आणि मग ‘तयार आहे’ असा झेंडा लावतो. दुसरा कोअर झेंडा पाहून माहिती उचलतो. एक्स८६ वर एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते इतरांना दिसतं. एआरएमने वेगासाठी ही हमी सैल ठेवली आहे. तिथे बेल ऐकू येते, दार उघडतं, आणि पिशवी अजून दिसत नाही. दुसरा कोअर जुनीच माहिती घेऊन पुढे जातो. हे लाखो वेळा नीट चालतं आणि एखाद्याच वेळी बिघडतं. शोधायला डीबगर लावला की वेळेचं गणित बदलतं आणि चूक गायब होते. एक्स८६ च्या पीसीवर क्यूईमू या एम्युलेटरमध्ये, म्हणजे दुसऱ्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, एआरएम चालवून तपासलं तरी ती सहसा सापडत नाही, कारण खाली काम करणारी चिप एक्स८६ चीच शिस्त पाळत असते.

यावरचा उपाय सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणात आला. लिहिणाऱ्याने झेंडा ‘रिलीज’ म्हणून लावायचा, वाचणाऱ्याने ‘अ‍ॅक्वायर’ म्हणून पाहायचा. मग कंपायलर त्या त्या चिपला लागणारी सूचना स्वतः घालतो. तसा हे न करता लिहिलेला कोड एक्स८६ वरही चुकीचाच होता, कारण कंपायलरलाही त्या दोन ओळींची अदलाबदल करण्याची मुभा असते. अ‍ॅपलने २०२० मध्ये एम१ चिप आणली तेव्हा जुनी इंटेलची अ‍ॅप्स चालवण्यासाठी चिपमध्येच एक्स८६ सारखा क्रम पाळण्याची सोय केली. एवढ्या मोठ्या कंपनीला सिलिकॉनमध्ये जागा द्यावीशी वाटली, यावरून हा प्रश्न केवढा खोल आहे ते कळतं.

प्रोग्राम बरोबर चालू लागला की वेगाची लढाई सुरू होते. व्हीएलसी प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचा डेव्हिड नावाचा डीकोडर घ्या. तो एव्ही१ या प्रकारात दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडतो आणि त्याची पहिली आवृत्ती २०१८ मध्ये आली. त्याचा सांगाडा सी मध्ये आहे, पण जिथे सगळा वेळ जातो ती कामं प्रत्येक चिपसाठी हाताने असेम्ब्लीत, म्हणजे थेट त्या चिपच्या सूचनांत, लिहिली आहेत. व्हिडिओ उलगडताना पिक्सेलच्या दोन ओळींची सरासरी वारंवार काढावी लागते. साध्या सी कोडमध्ये ती एकेक पिक्सेलने निघते. एआरएमच्या निऑन सूचनांना १२८ बिटांचं रजिस्टर (चिपच्या आतली हाताशी असलेली जागा) मिळतं, म्हणजे आठ बिटांचे १६ पिक्सेल एका दमात. इंटेलच्या एव्हीएक्स२ ला २५६ बिट, म्हणजे ३२. प्रोग्राम सुरू होताना चिपला विचारतो, ‘तुला यातलं काय येतं?’ आणि त्याप्रमाणे फंक्शन निवडतो. काहीच येत नसेल तर साधा सी कोड आहेच.

हाताने लिहिलेल्या असेम्ब्लीवर विश्वास कसा ठेवायचा? त्यासाठी चेकएएसएम नावाची चाचणी आहे. तीच रँडम माहिती सी फंक्शनला आणि असेम्ब्लीलाही द्यायची. उत्तरं बिटागणिक जुळलीच पाहिजेत. दोघांना किती वेळ लागला तेही ती मोजते. मला ही पद्धत फार आवडते. सी कोड इथे नुसता पर्याय म्हणून पडून राहत नाही, असेम्ब्लीची उत्तरपत्रिका तोच तपासतो.

काही नव्या चिप-रचनांमध्ये रजिस्टरची रुंदीही ठरलेली नसते. एआरएमच्या एसव्हीई रचनेत ती १२८ पासून २०४८ बिटांपर्यंत वेगवेगळी असू शकते, आणि रिस्क-५ या मुक्त चिप-रचनेच्या व्हेक्टर (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या) सूचनाही याच विचाराच्या. ‘१६-१६ पिक्सेल घे’ असं इथे लिहिता येत नाही; ‘तुला झेपतील तेवढे घे आणि किती घेतले ते सांग’ अशा रीतीने लूप बांधावा लागतो.

हे सगळं शक्य होतं ते सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, हाती असल्यामुळे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली तेव्हा ते इंटेलच्या ३८६ चिपला बांधलेलं आहे, दुसरीकडे नेता येणार नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं होतं. १९९५ च्या मार्चमध्ये १.२ आवृत्ती आली ती अल्फा, स्पार्क आणि मिप्स या इतर चिपांवरही चालणारी. २०१३ मध्ये आलेल्या आवृत्तीत तर मूळच्या ३८६ चाच आधार कर्नलमधून काढला गेला. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १३ व्या आवृत्तीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, ६४ बिटांचं रिस्क-५ अधिकृत झालं.

याच रिस्क-५ वर आपल्याकडे आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे प्रोसेसर उभे आहेत. या नव्या घराण्यासाठी कितीतरी सॉफ्टवेअर लायब्ररींमध्ये अजून साधा सी कोडच धावतो, हाताने लिहिलेली फंक्शनं यायची आहेत. हातात बोर्ड नसला तरी अडत नाही: मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ‘कंपाइल फार्म’ या प्रकल्पात निरनिराळ्या प्रोसेसरची यंत्रं दुरून फुकट वापरता येतात. माझा तो न थांबणारा प्रोग्राम दुरुस्त झाला तो कॅरॅक्टरच्या जागी ‘इंट’ हा एक शब्द लिहून, आणि आता तो दोन्हीकडे थांबतो.