एका फ्लॉपीत न मावणारा संगणक

विंडोज 95 सीडीवर मिळायची, तशी 13 फ्लॉप्यांच्या, म्हणजे कवचातल्या छोट्या चुंबकीय चकत्यांच्या, संचातही मिळायची. ज्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नाही, त्याला दुसरा इलाज नव्हता. एक फ्लॉपी घाला, खरखर ऐका, काढा, पुढची घाला. नवव्या फ्लॉपीवरचा एक सेक्टर, म्हणजे चकतीवरचा एक इवलासा तुकडा, वाचता आला नाही की आधीच्या आठांची मेहनत पाण्यात. समजा, प्रत्येक फ्लॉपी धड असण्याची शक्यता 98 टक्के आहे. तरी तेराच्या तेरा नीट वाचल्या जाण्याची शक्यता 77 टक्क्यांवर घसरते. आणि हा हिशेब कोरड्या हवेतला झाला, रत्नागिरीतल्या श्रावणातला नव्हे.

साडेतीन इंची फ्लॉपीला दोन बाजू, दर बाजूला 80 ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, दर ट्रॅकवर 18 सेक्टर, दर सेक्टरमध्ये 512 बाइट. गुणाकार येतो 14,74,560 बाइट. त्याला 1.44 एमबी म्हणायची पद्धत पडली, पण तो आकडा धड हजाराच्या हिशेबात बसत नाही की 1,024 च्या. विंडोज 95 च्या फ्लॉप्यांवर मायक्रोसॉफ्टने ट्रॅकमागे 21 सेक्टर कोंबले होते, एवढी जागेची ओढाताण.

खरी अडचण मात्र पहिल्या फ्लॉपीची. संगणक सुरू झाला की बायोस, म्हणजे संगणकात कायमचा बसवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, तिचा पहिला सेक्टर, फक्त 512 बाइट, मेमरीत उचलतो आणि कारभार त्याच्या हाती सोपवतो. तो इवलासा प्रोग्राम पुढचं सगळं आणतो. त्या पुढच्यात कर्नल आला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि डिस्क, नेटवर्क ओळखणारे ड्रायव्हरही आले. 1990 च्या दशकात लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल एका फ्लॉपीत आरामात बसे. त्याच्या तोंडाशी स्वतःचा बूट सेक्टरही, म्हणजे संगणक सुरू करणारा तो पहिला सेक्टर, असे, त्यामुळे तो थेट फ्लॉपीवर उतरवून संगणक सुरू करता येई. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 आवृत्तीत ही सोय काढून टाकली. नवं हार्डवेअर येत गेलं, ड्रायव्हर वाढत गेले. कर्नल दाबून बसवा, ड्रायव्हर वेगळ्या फ्लॉपीवर टाका, असली कसरत किती वर्षं करणार? फ्लॉपीवरून इन्स्टॉल करायची सोय लिनक्सच्या वितरकांनी एकेक करून बंद केली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. मूठभर यंत्रांसाठी प्रत्येक आवृत्ती दीड एमबीत बसते का, हे तपासत बसणं परवडणारं नव्हतं.

गंमत म्हणजे, 1995 मध्ये सीडीवरून संगणक सुरू करायची पद्धत ठरली, तिच्यातही सीडीच्या पोटात एक फ्लॉपीची प्रतिमा, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल असलेली फाइल, ठेवून बायोसला ती फ्लॉपीच आहे असं भासवायची तरतूद होती. सोनीने 2011 मध्ये फ्लॉप्या विकणं थांबवलं.

पण यंत्रं निवृत्त होत नाहीत. एखाद्या जुन्या छापखान्यात किंवा वर्कशॉपच्या मशीनवर फ्लॉपी अजून लागते, आणि कोकणात तिचा खरा शत्रू बुरशी. फ्लॉपीतली चकती प्लॅस्टिकची, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर. चुंबकीय कण एका चिकट द्रव्याने धरलेले असतात. दमट हवेत ते द्रव्य सुटू लागतं आणि वर बुरशी धरते. हार्ड डिस्कचं वाचणारं हेड चकतीपासून किंचित वर तरंगतं, फ्लॉपीचं मात्र तिला घासत फिरतं. त्यामुळे बुरशीची एक फ्लॉपी घातली की घाण हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे उठतात.

म्हणून आगोटीच्या आधी बेगमी करतो तशी फ्लॉप्यांचीही करावी. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी सरकती खिडकी उघडी ठेवा, म्हणजे चुकून लिहिलं जाणार नाही. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून अख्ख्या फ्लॉपीची सेक्टरवार प्रतिमा हार्ड डिस्कवर घ्या. नुसत्या फाइली कॉपी केल्या तर बूट सेक्टर मागे राहतो. चकतीवर डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नका. मग जुन्या फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी तिचं सोंग घेणारं गोटेकसारखं एम्युलेटर बसवा. त्याला 34 पिनांची तीच जुनी केबल लागते आणि प्रतिमा पेन ड्राइव्हवरून येतात. फ्लॉपी गेली आहे, हे यंत्राला कळतही नाही.